इंदूर ते मालवण ट्रेलर ओढत: स्टेपनी एक की दोन, आणि बांधायची कुठे?

राऊ_सर्कल
नमस्कार मंडळी. मे महिन्यात इंदूरहून मालवणला जायचा बेत आहे. गाडीमागे एका अॅक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर, सामानासकट ७५० किलो. टायर टाटा एसला असतात तेच, १४५ आर १२ एलटी (हलक्या ट्रकचा), ८ पीआर (प्लाय रेटिंग, टायरच्या मजबुतीचा आकडा). हुकपासून अॅक्सल २.६ मीटरवर आहे आणि हुकवर सध्या ६० किलो भार येतो. रस्ता मानपूर, धामणोद, सेंधवा, धुळे आणि पुढे पुण्यावरून कोल्हापूर. गाडीची स्टेपनी ट्रेलरला बसत नाही, तेव्हा ट्रेलरची वेगळी न्यावी लागणारच. एक पुरेल की दोन? ट्रेलरच्या मागच्या दारावर लटकवली तर चालेल का? आणि गाडीतला जॅक, पाना यांवर भागेल ना?

चाकधारी
मागच्या दाराचा विचार सोडून द्या. अॅक्सलच्या मागे टांगलेलं वजन हुकवरचा भार उचलतं आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. हिशेब सोपा आहे: चाकाचं वजन गुणिले अॅक्सलपासूनचं अंतर, भागिले हुक ते अॅक्सल अंतर. तुमचं चाक रिमसकट साधारण १४ किलो धरा. अॅक्सलच्या १.५ मीटर मागे लावलंत तर १४ × १.५ ÷ २.६, म्हणजे हुकवरचे ८ किलो गेले. तेच पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर, अॅक्सलच्या १.७ मीटर पुढे लावलंत तर ९ किलो वाढले, म्हणजे ६९. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकवर असावा, तुमच्या बाबतीत ३७ ते ७५ किलो. त्यामुळे पुढे एक स्टेपनी बसते. दुसरीही तिथेच लावली तर ७८ होतात, मग ती नको. दुसरी न्यायचीच असेल तर ट्रेलरच्या आत, अॅक्सलच्या बरोबर वर आडवी ठेवा. तिथे हुकवरच्या भारात काही फरक पडत नाही.

फ्रेमवर बांधताना नुसता पट्टा नको. खडखडाटाने पट्टा सैल होतो आणि चाक घासून टायरची बाजू सोलली जाते. ५ मिमी पत्र्याची पट्टी, तिला एम १२ चे दोन बोल्ट आणि रिमच्या दोन भोकांतून नट, वर साखळी-कुलूप. वेल्डिंगच्या कोपऱ्यात तिकोनी आधारपट्टी मारून घ्या, नाहीतर पहिली चीर तिथेच जाते. जाडसर कव्हरही घाला. मेच्या उन्हात उघडी स्टेपनी न वापरताच म्हातारी होते.

आता एक की दोन. एका अॅक्सलला रिमसकट एक स्टेपनी, शिवाय रिमशिवाय एक नुसता टायर, हे मला पटतं. १२ इंची टायर ठेल्यावरचा पंक्चरवालासुद्धा चढवून देतो. दोन अॅक्सलचा ट्रेलर असेल तर मात्र दोन पूर्ण चाकं लागतात. एक टायर बसला की त्याचं सगळं ओझं त्याच बाजूच्या दुसऱ्यावर येतं, आणि थोड्याच वेळात तोही जातो.

ग्रीसगन
स्टेपनी आहे पण जॅक खाली शिरत नाही, हा प्रकार १२ इंची चाकांत हमखास होतो. टायर पूर्ण बसला की अॅक्सलखाली जेमतेम १५-१६ सेंमी उरतात, आणि २ टनी बॉटल जॅक बंद असतानाच साधारण १८ सेंमी उंच असतो. म्हणून घरीच एका टायरची हवा सोडून मोजा. जागा कमी पडली तर ५ सेंमी जाडीची फळी रस्त्यावर टाकून बसलेलं चाक गाडीने तिच्यावर ओढून घ्यायचं, मग जॅक लावायचा. कात्री जॅक असेल तर त्यावर लिहिलेली वजनक्षमता ट्रेलरला पुरते का ते बघा.

चाक बदलताना ट्रेलर हुकवरून काढायचा नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी गुटके. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. जॅक अॅक्सलखाली, पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) यू-बोल्टला लागून. मधोमध लावला तर अॅक्सलची नळी वाकते. रबर टॉर्शन अॅक्सल (पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर झेलणारा) असेल तर नळीखाली नाहीच, चॅसीखाली. आपल्याकडची काळी माती दिसायला टणक दिसते, पण जॅक तिच्यात रुततो. १८ मिमी प्लायचा ३० × ३० सेंमी तुकडा जॅकखाली हवाच.

गाडीचा पाना ट्रेलरच्या नटाला बसतो का, हे आजच बघून टाका. १७, १९, २१ असा काहीही फरक निघू शकतो. चौतोंडी पाना इंदूरच्या सियागंज बाजारात मिळेल. एम १२ नट साधारण ९० ते १०० न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने. चाक काढलं-लावलं की ५० किमीवर पुन्हा तपासायचे. इंदूरहून निघालात तर मानपूर साधारण त्याच अंतरावर येतं, घाट उतरण्याआधीच उरकून घ्या.

देवास_नाका
वरचं सगळं बरोबर, पण मुळात टायर कोणता आहे ते बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, भाराचा आकडा (लोड इंडेक्स) ८६ लिहिला असेल तर एका टायरला ५३० किलो, ८० असेल तर ४५०. तुमच्या ७५० ला दोन्ही चालतात, पण कारचा साधा १४५ टायर स्टेपनी म्हणून कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका. दिसायला आकार तोच, बाजू मात्र मऊ.

हवा साइडवॉलवरच्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना. कारसारखी ३३ पीएसआय भरली की बाजू वाकत राहते, तापते आणि फुटते. ट्रेलरमध्ये हे ड्रायव्हरला कळतही नाही, आरशात धूर दिसेपर्यंत रिमसुद्धा गेलेली असते. उलट दुपारी गरम टायरमधली वाढलेली हवा सोडायचीही नाही. ६० पीएसआयला दर १० अंशांमागे अडीचेक पीएसआय चढतात, ते गृहीत धरलेलं असतं.

व्हॉल्व्हकडे कोणी बघत नाही. नेहमीचा रबरी टीआर ४१३ हा ६५ पीएसआयपर्यंतचाच. त्याहून जास्त भरायची असेल तर टीआर ६०० एचपी किंवा धातूचा बसवा. बाहेरून लावायचा टीपीएमएस (टायरमधली हवा दाखवणारा) सेन्सर घेणार असाल तरी धातूचाच, सेन्सरच्या वजनाने रबर मुळाशी चिरतं.

राऊ_सर्कल
मोजलं. हवा सोडल्यावर अॅक्सलखाली १५.५ सेंमी उरतात, म्हणजे फळी आली. नट १९ चे, गाडीचे २१ चे. टायरवर शेवटचे चार आकडे १४१८ आहेत, नक्षी मात्र जवळपास नवी. हेच दोन्ही ठेवून स्टेपनी तेवढी नवी घेऊ का?

देवास_नाका
१४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजून नाही, उभा राहून संपतो. नक्षी बघून फसू नका, साइडवॉल वाकवून बारीक भेगा बघा. भेगा नसल्या तरी सहा वर्षांपुढचा टायर मेच्या डांबरावर नेऊ नये. तीनही नवे घ्या, आणि स्टेपनी दरवर्षी एकदा चालत्या चाकाच्या जागी लावून फिरवा. जुन्यांतला एखादा ‘असू दे’ म्हणून बरोबर घेऊ नका, उगाच वजन.

ग्रीसगन
एक राहिलं. चाकं निघतीलच तेव्हा हबचं बेअरिंगही उघडा. आतलं-बाहेरचं बेअरिंग, ऑइल सील आणि दोन-तीन स्प्लिट पिनांचा एक जोड डब्यात ठेवा. बेअरिंग जाम झालं तर स्टेपनीचा काही उपयोग नाही. धामणोदला घाट उतरल्यावर आणि सेंधव्यापुढच्या बिजासन घाटानंतर दोन्ही हबना तळहाताची मागची बाजू लावून बघा. एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका गरम असेल, तर तिथेच थांबा. ग्रीस एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा आकडा), लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं. जुनं पूर्ण पुसून मगच नवं भरा, दोन जातींची ग्रीसं एकत्र झाली की पातळ होऊन सीलमधून बाहेर येतात.