गाडी सर्व्हिसिंगला दिली आणि नुकसान झालं : तुमचे अनुभव सांगा

किल्ली सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या हातात दिल्यापासून परत मिळेपर्यंत गाडीला काही झालं, तर भुर्दंड कोणी सोसायचा? परवा वहिनींच्या गाडीचा मागचा दिवा वॉशिंगच्या वेळी फुटला. ‘आधीपासूनच तडा होता’ असं उत्तर मिळालं. गाडी आत घेताना तिची अवस्था आणि करायची कामं ज्यावर लिहितात त्या जॉब कार्डावर तशी नोंद नव्हती. बराच वाद झाल्यावर दिवा बदलून मिळाला. तुमच्या बाबतीत पैसे कोणी भरले, जॉब कार्डावर काय लिहिलं होतं, तेही लिहा.

पुणे
ट्रायलला नेलेल्या माझ्या गाडीचा बंपर आणि डावा फेंडर चेपला. मॅनेजर म्हणाले, “सर, झिरो डेप आहे ना, तुमच्या इन्शुरन्समध्ये करून टाकू. तुम्हाला काहीच खर्च नाही.” झिरो डेप म्हणजे घसारा न कापता भरपाई, पण खर्च कसा नाही? क्लेम माझ्या नावावर लागणार आणि क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, म्हणजे ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस, पुढच्या रिन्यूअलला शून्यावर येणार. त्यात क्लेम फॉर्मवर चालक म्हणून माझं नाव टाकायला सांगत होते. ते खोटं निवेदन ठरतं, मी साफ नकार दिला. तिथेच उभं राहून फोटो काढले, आत आणि बाहेर जातानाचं किलोमीटर रीडिंग टाकून ईमेल केला. दुरुस्ती त्यांच्या खर्चाने झाली.

सांगली
ऑगस्ट २०१९ चा पूर. काकांची गाडी क्लचच्या कामासाठी उघडून ठेवलेली, जागची हलणं शक्य नाही, आणि वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं. डॅशबोर्डपर्यंत गाळ, सीटखालची वायरिंग हाताने उपसून काढावी लागली. वर्कशॉपवाले म्हणाले, निसर्गापुढे आमचं काय चालणार? पण कृष्णा एका रात्रीत चढत नाही हो! नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी सगळं गाव बघत असतं. चालू गाड्या त्यांनी उंचावर नेल्या, उघडलेल्यांसाठी टोइंग मागवलं नाही. मला हा निष्काळजीपणाच वाटतो. काकांनी मात्र भांडण न करता स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम घेतला. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, बसतं. बोनस गेला तो गेलाच.

नाशिक
मी गॅरेज चालवतो, आमची बाजूही ऐका. गाडी आत घेताना आम्ही जुने ओरखडे जॉब कार्डावर दाखवतो, गिऱ्हाईक फोनवर बोलत सही करून निघून जातं. संध्याकाळी तोच ओरखडा आमच्या माथी. आता मी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढतो आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅप करतो. आमच्या कामाच्या पोरानं गाडी खरंच ठोकली तर मी भरून देतो. गॅरेजवाल्यांसाठी वेगळा विमा मिळतो, आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी तो घ्यावा. गिऱ्हाइकाच्या बोनसवर आपली चूक निस्तरणं बरोबर नाही.

औरंगाबाद खंडपीठात वकिली करते
आपली वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणं, याला कायद्याने निक्षेप म्हणतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे ताब्यातल्या वस्तूची काळजी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी घ्यावीच लागते, आणि ती घेतली होती हे दाखवायचं काम गॅरेजचं. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ या पाटीला घाबरू नका. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलमधून व्हॅले पार्किंगला, म्हणजे हॉटेलच्या माणसाकडे लावायला, दिलेली मारुती झेन १९९८ मध्ये चोरीला गेली. टोकनवर तशीच अट छापलेली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. स्वतःच्या निष्काळजीपणातून अशी अट सुटका देत नाही. सांगलीच्या प्रकरणातही पुराचा इशारा मिळाल्यावर वर्कशॉपने काय केलं, हाच प्रश्न आला असता. आधी लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत दोन वर्षांची. आणि ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ यावर सही करण्याआधी नुकसान त्याच कागदावर लिहा.

ठाणे
ताई, एक विचारते. पिकअपला आलेल्या ड्रायव्हरने सोसायटीच्या गेटलाच दार घासलं. जॉब कार्ड तेव्हा झालंच नव्हतं. आता ते हात वर करतायत.

वकील
वर्कशॉपने पाठवलेल्या माणसाने किल्ली घेतली तिथेच ताबा गेला, जॉब कार्ड नंतरचं. पिकअपचा मेसेज जपून ठेवा आणि गेटचं सीसीटीव्ही फुटेज सेक्रेटरींकडे आजच लेखी मागा, त्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं.