डच ‘ग्रोंडगेबोंडन’ला इंग्रजीत काय म्हणू? ‘लँडलेस’ने घात केलाय

अनघा_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. बडोद्यात घरी बसून डचमधून इंग्रजीत भाषांतर करते. सध्या डच दुग्धव्यवसायावरचा अहवाल हातात आहे, वाचणारे आणंद-खेडा भागातल्या दूध मंडळ्यांचे लोक. शब्द अडलाय तो ग्रोंडगेबोंडन, म्हणजे ‘जमिनीशी बांधलेलं’. गाईंची वैरण बहुतेक आपल्याच शेतात पिकते आणि शेण त्याच शेतात जिरतं, असा गोठा. उलट ते ग्रोंडलोस: चारा-पेंड विकतची, शेण दुसऱ्याच्या शेतात.

पहिल्या खर्ड्यात ग्रोंडलोसला मी ‘लँडलेस’ लिहिलं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९९६च्या वर्गीकरणात हाच शब्द आहे: जनावरांच्या खाद्यातलं १० टक्क्यांहून कमी शेतावर पिकत असेल तर लँडलेस. मी निश्चिंत होते. मग तिकडून एका पशुवैद्यांचा फोन: “ताई, हॉलंडचं सरकार भूमिहीनांच्या गाई कमी करायला निघालंय का?” पोटात गोळाच आला. आपल्याकडे लँडलेस म्हटलं की बांधावरचं गवत कापून आणणारी, एका म्हशीच्या दुधावर घर चालवणारी बाई डोळ्यापुढे येते. माझ्या खर्ड्यात तोच शब्द हजारो डुकरांच्या शेडला लागला होता.

लँड-बेस्ड, लँड-बाउंड, सॉइल-बाउंड, लँड-डिपेंडंट, यातलं काय घेऊ?

पादऱ्याचा_गोठा
मला डच येत नाही, पण माझ्याकडे अकरा गाई आहेत. सॉइल नको. सॉइल म्हणजे माती, आणि इथे प्रश्न मातीचा नाही, किती जमीन आहे याचा आहे. मी रजको (लसूणघास) आणि मका घरचा घालतो, सरकीची पेंड मात्र विकतच आणतो. मग मी बांधलेला की सुटा? जो शब्द घ्याल त्यातून एवढं कळलं पाहिजे.

मांजलपूर_ते_वाखेनिंगन
अनघाताई, आधी बघा कागद कुठल्या खात्याचा आहे. नगररचनेच्या आराखड्यात ग्रोंडगेबोंडन म्हणजे ज्या धंद्याचं उत्पादन मुख्यतः जमिनीवरच होतं तो. (तिथेच ‘ग्रोंडगेबोंडन वोनिंग’ दिसलं तर ते जमिनीलगतचं घर, फ्लॅट नव्हे. शेतीशी संबंध नाही.)

दुधाच्या धोरणात मात्र तो शेणाचा हिशोब आहे. युरोपच्या १९९१च्या नायट्रेट नियमाप्रमाणे हेक्टरी शेणखतातून वर्षाला जास्तीत जास्त १७० किलो नत्र. भरपूर दूध देणारी एक गाय वर्षाला १०० किलोहून जास्त नत्र टाकते, म्हणजे हेक्टरात दोन गाईही बसत नाहीत. डचांना बरीच वर्षं सवलत होती, ती वेगळी गोष्ट. १ एप्रिल २०१५ला दुधाचा कोटा (किती दूध काढायचं याची मर्यादा) उठला, गाई वाढल्या, म्हणून १ जानेवारी २०१८पासून फॉस्फेटचे हक्क आले, म्हणजे कुणाच्या गाईंच्या शेणातून किती फॉस्फेट निघालेलं चालेल याची मर्यादा. तेव्हा सगळ्यांचे हक्क ८.३ टक्के कापले, ग्रोंडगेबोंडन ठरलेल्यांचे नाही. तिथे या एका शब्दावर शेतकऱ्याचे पैसे ठरले. पादऱ्याच्या दादांनाही उत्तर यातच आहे: त्या कायद्यात पेंड कुठून आणली हे विचारत नाहीत, शेणातलं फॉस्फेट आपल्या जमिनीत मावतं का एवढंच बघतात.

आणि ‘मेस्त’ जपा. मेस्त म्हणजे शेणखत, पण मेस्तकाल्फ म्हणजे मांसासाठी पोसलेलं वासरू.

कायदा_आणि_कोश
युरोपच्या सेंद्रिय शेतीच्या कायद्यात इंग्रजी शब्द ‘लँड-रिलेटेड’ आहे, आणि बंदी ‘लँडलेस’ उत्पादनावर. तिथे व्याख्या शेजारीच दिली आहे म्हणून गोंधळ होत नाही. कायद्याचा उतारा असेल तर शब्द तोच ठेवा. लँड-बेस्ड नको, मत्स्यपालनात ते समुद्राबाहेरच्या टाक्यांना म्हणतात.

अनघा_दांडियाबाजार
मनापासून आभार. लँड-डिपेंडंट घेतेय, पण पहिल्यांदा येईल तिथे एक पूर्ण वाक्य: वैरण कुठून, शेण कुठे, आणि या कागदात दोन्हींपैकी काय मोजलंय. ग्रोंडलोसला ‘विकतच्या चाऱ्यावरचं पशुपालन’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दसमूह. थोडा लांब होतो, होऊ दे. कायद्याच्या तीन उताऱ्यांतच लँडलेस राहील, तळटीप देऊन.

मेस्तकाल्फ वाचून लगेच फाइल उघडली. सदतिसाव्या पानावर मी ‘मॅन्युअर काव्ह्ज’ लिहिलं होतं. आत्ताच दुरुस्त केलं. पशुवैद्यांना उद्या सकाळी फोन करते.