वर्गणीची यादी आणि हिरवी खूण

शिक्षकदिनाच्या भेटीसाठी प्रत्येक पालकाने सरसकट ५०० रुपये द्यावेत, ही तुम्ही मांडलेली सूचना मला पटत नाही. ४० मुलांच्या वर्गात त्याचे २०,००० होतात आणि एवढ्या किमतीची वस्तू हातात घेताना बाईंनाच अवघडल्यासारखे होईल. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित खाजगी शाळांतही प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी असतात. ज्यांच्याकडून शुल्कच घ्यायचे नाही, त्यांच्यापुढे वर्गणीचा ठरीव आकडा ठेवणे विसंगत वाटते.

गेल्या वर्षी आमच्या व्हॉट्सॅप गटावर पैसे भरलेल्यांची यादी रोज रात्री येत असे आणि हिरवी खूण नसलेली चार-पाच नावे सर्वांना दिसत. त्यांपैकी एका आईने शाळेच्या फाटकाशी मला बाजूला घेऊन, "पगार झाला की देते, तेवढं सांगाल का?" असे विचारले, तेव्हा (यादी मीच करत असल्याने) फार ओशाळल्यासारखे झाले.

यंदा आम्ही कमाल मर्यादा १०० रुपये ठेवली, किमान ठेवलीच नाही, आणि गटावर नावांऐवजी केवळ एकूण रक्कम कळवली. अप्पा बळवंत चौकातून बाईंच्या आवडीची पुस्तके आणली. सोबतच्या शुभेच्छापत्रावर वर्गातील सर्व मुलांच्या सह्या घेतल्या. उरलेल्या पैशांतून वर्गाच्या मावशींना साडी घेतली, कारण भेटवस्तूंच्या चर्चेत त्यांची आठवण सहसा कोणालाच होत नाही.