मैदानाचं आरक्षण उठवायचा विषय अजेंड्यावर आलाय. पहिलीच टर्म आहे, विरोध कसा नोंदवू?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. डिसेंबरातल्या निवडणुकीत मी आमच्या नगरपरिषदेवर अपक्ष निवडून आले. गाव क वर्गातलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या दुकानावर चार माणसं येऊन बसतील. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, घरी सासूबाई आणि दोन मुलं, हे एसटीत कंडक्टर. घरात राजकारण कुणी केलेलं नाही. सोडतीत आमच्या प्रभागातली 'अ' जागा सर्वसाधारण महिला निघाली, गल्लीतल्या बायका म्हणाल्या राहा उभी, राहिले. 'ब' जागेवरचे सत्ताधारी पक्षाचे आहेत, आधी दोनदा निवडून आलेले.

सभेची नोटीस यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येते, माझ्या नाही. मागच्या सभेआधी शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन थेट दुकानात आला. "वैनी, एवढी सही करा, बाकी दादा बघतील." मी म्हटलं, दादा पंढरपूर गाडीवर आहेत, सभेला मीच येणार आहे. तो बिचारा गोंधळला. सभेत गेले तर 'मिस्टर नाही आले?' हा प्रश्न तिघांनी विचारला. सभा दुपारी तीनची, बरोबर धाकट्याची शाळा सुटायची वेळ.

आता मूळ मुद्दा. पुढच्या सभेच्या अजेंड्यात विषय क्र. १७ असा आहे: "मंजूर विकास योजनेतील 'खेळाचे मैदान' या आरक्षणातून काही क्षेत्र वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणेकामी कलम ३७ अन्वये फेरबदल प्रस्तावास मान्यता देणेबाबत." कुठलं क्षेत्र, किती, कुणाचं, काही नाही. गट नंबरवरून मी ओळखलं, ते आमच्याच प्रभागातलं मैदान. तिथे पोलीस भरतीच्या पोरी पहाटे पाचला पळतात. शंभर मीटरची पट्टी फक्कीनं आखलेली आहे, गोळाफेकीचा गोळा शेजारच्या चहावाल्याच्या टपरीत ठेवलेला असतो. गावात मोकळी जागा म्हणावी अशी तेवढीच उरली आहे.

'ब' वाले म्हणतात, "ताई, सर्वानुमते होऊन जाईल, तुम्ही नवीन आहात, कशाला नाव खराब करून घेता." मला विरोध करायचा आहे, पण कसा करतात तेच माहीत नाही. नुसतं हात वर करून चालतं का? शिवाय जानेवारीत 'गट करायचाय' म्हणून माझी एका कागदावर सही घेतली होती. त्याची काही अडचण येईल का?

माजी दहा नंबर

ताई, आधी अभिनंदन. मी दोन टर्म काढल्या आहेत, पहिली निम्मी तुमच्यासारखीच गेली. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, पण सभागृहात खुर्ची मिळाली म्हणजे कागद हातात आला असं होत नाही. कागद 'दादां'कडेच जातो. तो पहिल्यांदा आपल्याकडे वळवून घ्या. आजच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधं पत्र द्या: सभेच्या नोटिसा, अजेंडा आणि विषयांच्या टिपण्या (विषयामागची माहिती देणारी कार्यालयाची टाचणं) माझ्या नावे, माझ्या पत्त्यावर, माझ्या नंबरवर द्याव्यात. आणि हजेरी रजिस्टरवर दुकानात, घरात, लग्नाच्या मांडवात, कुठेही सही करायची नाही. सही सभागृहात बसल्यावरच. ती सही तुम्ही हजर होता याचा पुरावा असते, आणि हजर असलेला माणूस बोलला नाही की 'सर्वानुमते' लिहायला कारकून मोकळा.

'सर्वानुमते' याच शब्दावर सगळं चालतं. सभेत काय बोललात ते चार दिवसांनी कुणाच्या लक्षात नसतं, प्रोसिडिंगला काय लिहिलंय तेच उरतं. आमच्याकडे एकदा मी आणि आणखी दोघींनी पाण्याच्या टाकीच्या निविदेवर चांगली वीस मिनिटं वाद घातला होता. पुढच्या महिन्यात इतिवृत्त बघितलं तर 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. चर्चा सविस्तर झाली होती हे मात्र खरं!

तेव्हा विरोध लेखी द्यायचा. सभेआधी एक पान लिहून ठेवा: विषय क्र. १७ ला माझा विरोध आहे, कारणं ही आणि ही, हा विरोध इतिवृत्तात नमूद करावा, विषय मताला टाकावा आणि बाजूने-विरोधात कोण ते नावानिशी लिहावं. विषय पुकारला की उठून वाचा आणि अध्यक्षांच्या हातात द्या. दुसरी प्रत सभेआधीच आवक-जावकला देऊन पोहोच घेतलेली असू द्या. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. लोक त्या वेळी चहा पीत असतात. तुम्ही पीऊ नका. तुमचा विरोध त्यात नसेल तर तिथेच हरकत घ्या, कायम झाल्यावर फार उशीर होतो.

एवढं करूनही ठराव झाला तर नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०८ आहे. नगरपरिषदेचा ठराव कायद्याला धरून नसेल, नगरपरिषदेच्या किंवा लोकांच्या हिताला बाधक असेल तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तिथे अर्ज करताना तुमचा लेखी विरोध कामाला येतो. गप्प बसलेल्या सदस्याचा ३०८ चा अर्ज कुणी गंभीरपणे घेत नाही.

आणखी एक. विषय १७ ला वर्तमानपत्रात बोंब झाली की तो या सभेतून गुपचूप मागे घेतील आणि पुढच्या वेळी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात आणतील. त्या वेळी बरेचजण उठून गेलेले असतात. शेवटपर्यंत बसा. धाकट्याला शाळेतून आणायला सासूबाईंना किंवा शेजारणीला सांगून ठेवा, सभा कधी संपेल ते धरून चालू नका. सभेची वेळ सकाळी अकराची करा अशी मागणीही त्याच पत्रात घाला. बाकीच्या बायका सभेत तोंड उघडणार नाहीत, पण त्या मागणीवर सह्या करतील. मी करून घेतल्या होत्या.

टी स्क्वेअर

मी आर्किटेक्ट आहे, लहान गावांच्या डीपीची (विकास योजनेची, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी राखून ठेवायची त्या आराखड्याची) कामं बरीच बघितली आहेत. विरोध करण्याआधी हे नक्की काय चाललंय ते समजून घ्या, कारण आरक्षण जाण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि सभेत त्या मुद्दाम एकत्र कालवल्या जातात.

पहिली वाट कलम १२७ ची, म्हणजे १९६६ च्या नगररचना अधिनियमातली. अंतिम विकास योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस, देऊ शकतो. ती मिळाल्यापासून २४ महिन्यांत नगरपरिषदेने भूसंपादनाचं ठोस पाऊल उचललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. ठोस म्हणजे ठोस. 'संपादन करावे' असा ठराव करून किंवा जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र पाठवून भागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली ते स्पष्ट केलं आहे.

दुसरी वाट त्याच अधिनियमातल्या कलम ३७ ची. इथे नगरपरिषद स्वतःहून म्हणते की आम्हाला योजनेत बदल हवाय. मालकाचा तगादा असायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या अजेंड्यावर ३७ लिहिलंय. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: खरेदी सूचना आली आहे का, कधी आली, तिच्यावर कार्यालयाने काय केलं? आली नसेल तर आपणहून मैदान सोडायची घाई कशाची, याचं उत्तर टिपणीत असलं पाहिजे.

३७ मध्ये ठराव ही फक्त सुरुवात आहे. नंतर राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, एक महिना हरकती घेतात, सुनावणी होते आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला जातो. म्हणजे सभेत हरलात तरी तुमच्या प्रभागातला कुणीही हरकत देऊ शकतो, पोलीस भरतीच्या मुलीसुद्धा. आणि कलमातच अट आहे की फेरबदलाने विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. गावातलं एकमेव मैदान घालवणं यात बसतं का, हा चांगला मुद्दा आहे.

सभेला जाताना भाग नकाशा, झोन दाखला आणि विकास योजनेचा अहवाल मागून घ्या. अहवालात प्रत्येक आरक्षणाचा क्रमांक, क्षेत्र आणि गट नंबर दिलेला असतो. 'काही क्षेत्र' म्हणजे किती ते टिपणीत चौरस मीटरमध्ये आलंच पाहिजे. मी असे प्रस्ताव बघितलेत ज्यात रस्त्याकडेची दर्शनी बाजू वगळतात आणि मागे ओढ्यालगतची चिंचोळी पट्टी 'मैदान' म्हणून शिल्लक ठेवतात.

सातबारा कोरा

सगळे मैदान मैदान करताय, एकदा मालकाच्या बाजूनेही बघा. आमचे चौदा गुंठे आजोबांच्या वेळेपासून बगीच्याच्या आरक्षणात आहेत. बांधता येत नाही, बँक कर्ज देत नाही, विकायला गेलं तर निम्म्या भावाला मागतात. बगीचा म्हणाल तर एक झाड लावलेलं नाही. बहिणीच्या लग्नाला ती जमीन काही उपयोगी पडली नाही. नगरपरिषदेकडे पैसे नसतील तर अडवून का ठेवता? विरोध करणं सोपं आहे ताई, मोबदला देताय का ते सांगा.

माजी दहा नंबर

सातबाराभाऊ, तुमचं खोटं नाही. वीस वर्षं माणसाची जमीन कागदावर अडकवायची आणि अंदाजपत्रकात भूसंपादनाला दमडी ठेवायची नाही, हा धंदा मी जवळून बघितलाय. ताई, हे सभेत नुसत्या विरोधापेक्षा जास्त चालेल: चालू अंदाजपत्रकात आरक्षित जागांच्या भूसंपादनाला किती तरतूद आहे, हे विचारा. उत्तर बहुधा 'निरंक' येईल. मग म्हणा की मालकाला मोबदला द्यायचा प्रस्ताव आणा, मी सूचक व्हायला तयार आहे. मालकही शत्रू राहत नाही आणि 'ब' वाल्यांना 'विकासविरोधी' म्हणता येत नाही.

फक्त आधी मालक कोण ते काढा. चालू सातबारा आणि फेरफार बघा. कधी कधी मूळ शेतकऱ्याकडून जागा मातीमोल भावात आधीच गेलेली असते आणि आरक्षण त्यानंतर उठतं. तुमच्याकडे तसं असेलच असं नाही, पण सातबारा बघायला फुकट आहे.

टी स्क्वेअर

मोबदला रोखच द्यावा लागतो असं नाही. मालक राजी असेल तर टीडीआर, म्हणजे त्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो. २०२० च्या एकत्रित नियमावलीत आरक्षित जागा मालकाने स्वतः विकसित करून ठरलेला हिस्सा नगरपरिषदेला द्यायचा, अशीही सोय आहे. लहान गावात टीडीआरला गिऱ्हाईक कमी असतं हे खरं, पण 'पैसे नाहीत म्हणून आरक्षण काढा' याआधी हे पर्याय तपासले का, हे टिपणीत दिसलं पाहिजे.

आवक जावक

निवृत्त कारकून आहे, चार नगरपरिषदांत टेबल सांभाळलंय, त्यामुळे वर ज्या कारकुनाचा उद्धार झाला तो मीच समजा. कारकून मनाने काही लिहीत नाही हो, त्याला वरून सांगतात. पण सदस्याने लेखी दिलेलं पान फाइलला लागलेलं असेल तर तो ते गाळायला घाबरतो, कारण चौकशी लागली की अडकतो तोच.

त्या जानेवारीतल्या सहीबद्दल कुणीच बोललं नाही, ते महत्त्वाचं आहे. गट किंवा आघाडी म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात नोंदणी झाली असेल आणि त्यात तुमचं नाव असेल, तर गटनेता व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढू शकतो. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम बघा. व्हिपच्या विरोधात मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिलात, तरी अपात्रतेचा अर्ज होऊ शकतो आणि निर्णय जिल्हाधिकारी देतात. तेव्हा त्या कागदाची प्रत काढा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत मिळेल. त्यावर काय लिहिलंय ते वकिलाला दाखवा, गावातल्या नको, तालुक्याबाहेरच्या. नुसता उपनगराध्यक्षाच्या निवडीपुरता पाठिंबा असेल तर वेगळी गोष्ट.

बाकी लोक तुमच्यावर कागद शोधतील याचीही तयारी ठेवा. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या फाइलला. दुकानापुढे पत्रा वाढवलाय का? असेल तर विषय १७ च्या आधी काढा. स्वतः, नवऱ्याने किंवा अवलंबून असलेल्या कुणी अनधिकृत बांधकाम केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. विरोध केला की दुसऱ्या आठवड्यात नेमका तोच अर्ज पडतो, असं मी बघितलंय.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. आज नोटिसांचं पत्र दिलं, पोहोच घेतली. टिपणी मागितली तर 'साहेब आल्यावर' म्हणाले, म्हणून तीही लेखी मागितली आहे. दुकानापुढे पत्रा आहे, दोन फूट. यांना सांगितलंय, रविवारी उतरवतायत. सातबारा काढला, मालकाचं नाव गेल्या वर्षी बदललंय. सध्या एवढंच लिहिते.

सातबाराभाऊ, मोबदल्याचा मुद्दा मी मांडणार आहे, नक्की.

गटाच्या कागदासाठी जिल्ह्याला सोमवारी जाईन. एक विचारायचं राहिलं, प्रत मागताना माहितीचा अधिकार लावू की साधा अर्ज?

आवक जावक

साधा अर्ज द्या, सदस्य म्हणून, ओळखपत्राची झेरॉक्स जोडून. माहिती अधिकारात ते तीस दिवस घेऊ शकतात आणि तोवर तुमची सभा होऊन जाईल. साध्या अर्जाला नाही म्हणाले तर त्याच दिवशी तिथेच माहिती अधिकाराचाही टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प सोबत न्या, तिथल्या झेरॉक्सवाल्याकडे नेमका संपलेला असतो.