मदत हवी आहे: पायमशीनवर खालून दोऱ्याचा गुंता

आजीचं काळं पायमशीन बारा वर्षांनी माळ्यावरून उतरवलं. चाक जाम होतं; कुणीतरी कधीतरी खोबरेल सोडलेलं, त्याचं चिकट राळ झालेलं. रॉकेलने पुसून काढलं, मशीनचं तेल घातलं, नवी वादी बसवली. आता लोण्यासारखं फिरतं.

रुबियावर टीप सुरेख येते. पण जुन्या सुती साड्यांची चार पदरी गोधडी घेतली की वरून टीप ठीक आणि खालून दोऱ्याचं घरटं! दहा-बारा टाके झाले की करकचून अडकतं, कापड कात्रीनेच सोडवावं लागतं.

सुई १६ नंबरची, नवी. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी) नीट भरलेली, तिच्याभोवती वरचा दोरा फिरवणारं शटल, त्याच्याखालचा कापूस ब्रशने काढला. गुंता खाली दिसला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो, म्हणून कापड दाबणारा फूट वर करून दोरा पुन्हा ओवला. वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांचा स्क्रू आवळला तर दोरा तुटतो. शटलचं टोक बोटाला किंचित खरखरीत लागतं. तेच कारण असेल का? बारीक पॉलिश पेपरने घासू की शटलच बदलू? की १८ नंबरची सुई लावून बघू?

दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, मोटरचं घ्या. ते सोडून काहीही सांगा. जुनं मशीन उघडून दाखवणारे मराठी व्हिडिओ माहीत असतील तर तेही.