मदत हवी आहे: टोपोलॉजिकल वेव्हगाइडच्या वळणावर परावर्तन

टोपोलॉजिकल वेव्हगाइड म्हणजे दोन वेगळ्या रचनांच्या सीमेवरून, वळणावरही फारशी न परतता, लहर नेणारी वाट. रत्नागिरीतल्या कॉलेज-लॅबमधली मांडणी: ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) ४.५ मिमी जाड, १० मिमी उंच कांड्या, जाळीचं अंतर (शेजारच्या झुबक्यांच्या केंद्रांमधलं) २० मिमी, वर-खाली ॲल्युमिनियमचे पत्रे. सीमेच्या एका बाजूला सहा-सहा कांड्यांचे झुबके फुगवलेले (झुबक्याच्या केंद्रापासून कांडीपर्यंतची त्रिज्या ६.९ मिमी), दुसरीकडे आकसलेले (६.४ मिमी). ७ गिगाहर्ट्झजवळ सरळ वाटेवर सिग्नल उत्तम जातो, १२० अंशांच्या वळणावर मात्र परावर्तन दिसतं.

सीमेवर षट्‌कोनी सममिती, जी लहरीला परतण्यापासून वाचवते, मोडते, म्हणून थोडं परावर्तन राहणारच. पण इथल्या खाऱ्या हवेने पत्र्यावर पांढरी पूड धरते, कांडीच्या डोक्याशी फट पडते आणि बँडगॅप (ज्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात लहर जाळीतून जाऊ शकत नाही तो) वर सरकतो. खरा दोषी कोण, हे वेगळं कसं काढायचं? वरून फोम दाबून भागेल का? दोन्ही त्रिज्या आणखी जवळ आणल्या तर परावर्तन घटेल, पण लहर आतवर पसरेल. मग प्रत्येक बाजूला झुबक्यांच्या किती ओळी धराव्यात? फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) आणि चुंबक वापरून लहर एकाच दिशेने जाऊ देण्याचा मार्ग बजेटबाहेर आहे.