कॉन्सोमे ‘निवळतं’ का?

ओगराळे:
कॉन्सोमे या नितळ फ्रेंच सुपाची कृती मराठीत लिहितेय आणि एका क्रियापदापाशी अडलेय. ज्यांनी हा फ्रेंच खटाटोप घरी केला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हाडांचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी, पूर्ण गार करून वरची चरबी काढायची. दीड लिटरला साधारण पाव किलो बिनचरबीचा खिमा, तीन अंड्यांचा पांढरा भाग, बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी, एक टोमॅटो. हे सगळं गार स्टॉकमध्येच कालवून मंद आचेवर चढवायचं आणि तापेपर्यंत ढवळायचं, नाहीतर अंडं बुडाला लागतं. ते गोठायला लागलं की डाव बाहेर. मग जाड थर वर येतो आणि त्याखाली सोनेरी, आरपार दिसणारं सूप तयार होतं. तर हे ‘क्लॅरिफाय’ करणं, म्हणजे गढूळपणा काढणं, एका शब्दात मराठीत काय? ‘गाळणे’ नको. मलमलीतून गाळणं शेवटी आहेच, ते वेगळं.

शब्दवेडा:
‘निवळणे’ आहे की! गढूळ पाणी निवळतं, आभाळ निवळतं, भांडणानंतर घरातलं वातावरणही निवळतं. पूर्वी मडक्यात निवळीची बी उगाळायचे, तुरटी तर अजून फिरवतात.

ओगराळे:
तिथेच तर घोडं पेंड खातंय. निवळताना गाळ तळाला बसतो आणि आपण वरचं नितळ पाणी ओतून घेतो. इथे सगळी घाण वर जाते. ‘निवळल्यावर वरचं घ्या’ असं कुणी वाचलं तर नेमका चोथा वाढून घेईल!

काहील:
आमचं ऊसपट्ट्यातलं गाव. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापत आला की भेंडीचा चिकट रस घालतात. तो कचरा धरून वर येतो, तीच मळी. ती झाऱ्याने काढत राहायची, तेव्हा गुळाला रंग येतो. तुमचं अंडं तेच काम करतंय. ‘मळी वर आणणे’ लिहा.

शब्दवेडा:
मळी म्हटल्यावर निम्म्या वाचकांना साखर कारखाना आठवेल. ज्यापासून अल्कोहोल काढतात ती मळी, म्हणजे मोलॅसिस. आणि शब्दात ‘मळ’ आहे तो आहेच. जेवणाच्या टेबलावर?

काहील:
टेबलावर थर येतोच कुठे? तो पातेल्यातच राहतो. कारखान्याची मळी वेगळी, हे मात्र खरं.

ओगराळे:
काहील, क्रिया तुम्ही अगदी बरोबर पकडलीत. पण भेंडी फक्त काढून घेते. अंड्याचा पांढरा भाग मळाबरोबर थोडी चवही ओढतो, म्हणून तर त्यात खिमा आणि भाज्या घालतात. ती चव तासभर सुपात उतरत राहते. त्यामुळे अख्ख्या थराला मळी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘राफ्ट’ म्हणतात, पण ‘तराफा’ लिहिलं तर लोक हसतील. ‘साय’ म्हणावं तर कुणीतरी खाईल.

रस्सेवाला:
सुपालाच ‘अळणी’ म्हणा ना. कोल्हापूरकडे तिखट घालायच्या आधीच्या मटणाच्या पाण्याला तेच म्हणतात.

शब्दवेडा:
ते तर स्टॉकच्या जवळचं झालं, रस्सेवाले! इथे त्याच्या पुढची पायरी चाललीय. ‘कॉन्सोमे’ (consommé) हे तसाच उच्चार असलेल्या ‘consommer’ या फ्रेंच क्रियापदापासूनच आलंय, मुळात अर्थ पूर्णत्वाला नेणं. शिवाय कोल्हापूरबाहेर अळणी म्हणजे मीठ विसरलेलं.

रस्सेवाला:
मान्य. मग ‘सिमर’ला, म्हणजे अगदी मंद शिजत ठेवण्याला, काय लिहिलंत? ‘उकळत ठेवा’ लिहू नका म्हणजे झालं.

ओगराळे:
नाहीच लिहिणार. जोरात उकळलं की थर फुटतो आणि सूप पुन्हा गढूळ. ‘रटरट’ दाट आमटीची, ‘खदखद’ त्याहून जोराची, दोन्ही बाद. थराला मध्ये एक भोक पाडतात, तिथून आतलं दिसतं आणि वाफ जाते. म्हणून लिहिलंय: ‘भोकातून मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतपत आच.’ आणि आधीचं वाक्य असं: ‘ढवळणं थांबवा, अंडं गढूळपणा धरून वर येईल, त्या थराला धक्का लावू नका.’

काहील:
म्हणजे क्रियापद माझं, नाम गाळलंत.

ओगराळे:
हो. आणि वर घालायच्या भाज्यांच्या ‘जुलिएन’ला ‘काडीसारखं बारीक चिरून’ पुरतं. त्यावर नवा धागा नको, कृपया.